एकत्र ऐकता येतं, मग एकत्र गाता का येत नाही?

संध्याकाळी पारावर बसलेली पोरं आणि पुण्यात कंपनीत लागलेला त्यांचा दोस्त एकाच वेळी एकच गाणं ऐकताहेत, हे आता यवतमाळ-वाशिमकडच्या खेड्यांत नवलाचं राहिलेलं नाही. स्पॉटिफाय या गाण्यांच्या अ‍ॅपने सोबत ऐकण्यासाठी २०२० मध्ये ‘ग्रुप सेशन’ आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ‘जॅम’ ही सोय आणली. जॅममध्ये ३२ जणांपर्यंत मंडळी जमू शकतात. गाणं सुरू असतं, सोबत कॉलही सुरू असतो, आणि कुणीतरी म्हणतं, “काऊन बे, तुह्यं गानं पुढं अन् माह्यं मांगं काऊन?” उत्तर ठरलेलं असतं: “त्याच्याकडं फाईव्ह-जी हाये ना!”

हे उत्तर चुकीचं आहे. चूक नेमकी कुठे आहे ते शोधत गेलं की मला अत्यंत आवडणारा एक प्रश्न हाती लागतो: पाचशे किलोमीटर लांब असलेली दोन घड्याळं जुळलेली आहेत की नाहीत, हे ओळखायचं कसं?

आधी एक समज दूर करू. पुण्याच्या फोनमधलं गाणं गावातल्या फोनवर येत नाही. प्रत्येक फोन आपापलं गाणं कंपनीच्या सर्व्हरवरून वेगळं उतरवून घेतो आणि थोडं पुढचं साठवून ठेवतो. एकमेकांकडे जातात त्या फक्त सूचना: कोणतं गाणं, कितव्या सेकंदापासून, किती वाजता. म्हणजे जेमतेम दोन ओळींचा मजकूर. त्यामुळे सेकंदाला किती माहिती येते हा इथे मुद्दाच नाही. गाण्यापुरता वेग साध्या फोर-जीलाही असतो. सगळा घोळ त्या ‘किती वाजता’मध्ये आहे.

‘आत्ता वाजवा’ असं सर्व्हर सांगू शकत नाही, कारण तो निरोप एकाला ३० मिलिसेकंदांत (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) मिळेल आणि दुसऱ्याला ३०० मध्ये. म्हणून थोडी पुढची वेळ ठरवायची: ८ वाजून १५ मिनिटं ३ सेकंदांनी सुरू. ज्याला निरोप दोन सेकंद उशिरा मिळाला, तो गाणं दोन सेकंद पुढून सुरू करतो. अट एकच. सगळ्यांच्या घड्याळांत ८:१५:०३ एकाच क्षणी वाजायला हवेत.

तसे ते वाजत नाहीत. मनगटी घड्याळात क्वार्ट्‌झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्यावरून सेकंद मोजले जातात. फोनमध्येही असेच स्फटिक असतात. दहा लाखांत वीस इतकी चूक अशा स्फटिकात सर्रास असते, म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद. फोन उन्हात तापला की ती आणखी बदलते. संगीतात पावणेदोन सेकंद फार झाले, तेवढ्यात गाण्याची अख्खी ओळ निघून जाते.

मग घड्याळ जुळवायचं कसं? ‘सर्व्हरला वेळ विचारा’ एवढं पुरत नाही, कारण उत्तर येईपर्यंत ती वेळ शिळी झालेली असते. किती शिळी, हे कळायला वाटेत किती वेळ गेला ते माहीत हवं. आणि वाटेतला वेळ मोजायला दोन्ही टोकांची घड्याळं आधीच जुळलेली हवीत. हा पेच ज्या युक्तीने सुटतो ती एसटीच्या प्रवासाने नीट समजते.

समजा, घरचं घड्याळ चुकलंय आणि यवतमाळच्या डेपोतलं बरोबर आहे. घरच्या घड्याळात १० वाजता तुम्ही निघालात. पोचलात तेव्हा डेपोत ११:१० झाले होते. तिथून ११:३० ला परत निघालात. घरी आलात तेव्हा घरच्या घड्याळात १२ वाजले होते. आता हिशेब करा. घरच्या घड्याळाप्रमाणे तुम्ही १२० मिनिटं बाहेर होतात. डेपोच्या घड्याळाप्रमाणे तिथे २० मिनिटं थांबलात. म्हणजे जाण्यायेण्यात १०० मिनिटं गेली, एका वाटेची ५०. याचा अर्थ तुम्ही पोचलात तेव्हा घरी १०:५० झाले असणार, आणि डेपोत तर ११:१० होते. घरचं घड्याळ २० मिनिटं मागे आहे! दोन्ही घड्याळं एकदाही शेजारी ठेवली नाहीत, तरी फरक कळला. बाहेर किती वेळ गेला ते घरच्या घड्याळाने सांगितलं, थांबलात किती ते डेपोच्या. दोघं आपापल्यापुरते खरे असले की झालं.

इंटरनेटवरचे बहुतेक संगणक निघण्या-पोचण्याच्या चार वेळांची नोंद करण्याच्या याच पद्धतीने घड्याळ लावतात. डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये त्याची नियमावली मांडली. ‘नेटवर्क टाइम प्रोटोकॉल’ या नावाने ती आजही चालू आहे. मिल्स २०२४ मध्ये गेले. सोबत ऐकण्याच्या सोयीमागेही हीच कल्पना असते, प्रत्येक अ‍ॅपमध्ये तपशील थोडे वेगळे.

पण या युक्तीत एक गृहीत लपलेलं आहे: जायला जेवढा वेळ लागतो तेवढाच यायला लागतो. समजा, जाताना घाट लागला आणि ६० मिनिटं गेली, परतताना ४० च लागली. मग तुम्ही पोचलात तेव्हा घरी प्रत्यक्षात ११:०० झाले होते आणि खरा फरक १० मिनिटांचाच होता. आपला हिशेब १० मिनिटांनी चुकला, म्हणजे दोन्ही वाटांच्या फरकाच्या बरोबर निम्म्याने. ही चूक चार नोंदींवरून पकडता येत नाही. कितीही हुशार गणित केलं तरी नाही, कारण समान वाट आणि असमान वाट या दोन्हींतून तेच चार आकडे निघू शकतात. हातात राहते ती फक्त एक हमी: चूक जाण्यायेण्याच्या एकूण वेळाच्या निम्म्याहून जास्त असू शकत नाही.

म्हणून मिल्स यांच्या पद्धतीत शेवटच्या आठ फेऱ्या लक्षात ठेवतात आणि त्यातली सर्वांत कमी वेळाची फेरी खरी धरतात. सरासरी काढत नाहीत. जी फेरी झटपट झाली ती वाटेत कुठे अडली नसणार, मग तिच्यात चुकायला जागाही कमी. या साध्या विचारावर माझा फार जीव आहे.

खेड्यातल्या फोनची खरी अडचण इथे आहे. फोर-जीमध्ये टॉवरकडून फोनकडे माहिती थेट येते, पण फोनला काही पाठवायचं असेल तर सहसा आधी टॉवरकडे परवानगी मागावी लागते, ती मिळाली की मगच पाठवता येतं. म्हणजे जायची वाट मुळातच लांब. त्यात दोन-तीन गावांना मिळून एकच टॉवर, आणि संध्याकाळी शेतातून आलेली सगळी मंडळी त्यावर एकदमच. फेरीला ४०० मिलिसेकंद लागले तर घड्याळाच्या चुकीची मर्यादा २०० पर्यंत जाते. पुण्यातल्या फायबरवर फेरी २० ची असेल तर मर्यादा १०. गावातलं आणि पुण्यातलं गाणं पुढंमांगं व्हायला हे एक सबळ कारण आहे.

दुसरं कारण कानाशी असतं. ब्लूटूथ इअरफोन आवाज पुन्हा बांधून, साठवून मग वाजवतो, त्यात शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. ती दिरंगाई किती, हे अ‍ॅपला प्रत्येक वेळी अचूक कळतंच असं नाही. एकाकडे तारेचा इअरफोन आणि दुसऱ्याकडे ब्लूटूथ असेल, तर घड्याळं तंतोतंत जुळूनही गाणं पुढेमागे होणार. पोरांच्या भांडणात फाईव्ह-जीला मिळणारं बरंचसं श्रेय खरं तर त्या तारेचं असतं.

आकाशवाणीला हा त्रास नव्हता. नागपूर केंद्र १९४८ पासून सुरू आहे. त्याची लहर दीडशे किलोमीटरवरच्या गडचिरोलीला अर्ध्या मिलिसेकंदात पोचते, आणि साधा रेडिओ काही साठवून न ठेवता आलं ते वाजवतो. घड्याळाची गरजच नाही. गावभर एकच गाणं एकाच ठेक्यात ऐकू यायचं ते यामुळे.

कानाला किती फरक कळतो? सप्ताहात देवळावर एक कर्णा आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला एक कर्णा बांधला की मधल्या गल्लीत प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. दोन कर्ण्यांच्या अंतरात शंभर मीटरचा फरक असेल तर आवाजात जवळजवळ ३०० मिलिसेकंदांचा पडतो. (आवाजाचा वेग डिसेंबरच्या पहाटे दहा अंशांना सेकंदाला ३३७ मीटर असतो, मे महिन्यात पंचेचाळीस अंशांना ३५७.) जर्मनीत हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये दाखवलं की हा फरक साधारण ३०-४० मिलिसेकंदांच्या आत असेल तर मेंदू दोन्ही आवाज एकच मानतो. घरी करून पाहा. एकाच जॅममधले दोन फोन खाटेवर शेजारी ठेवा. फरक मोठा असेल तर तबल्याची प्रत्येक थाप दुहेरी पडते. फरक अगदी कमी असेल तर थाप एकच राहते, पण गायकाचा आवाज पोकळ होतो, कारण काही सूर एकमेकांना खोडतात. एक मिलिसेकंदाच्या फरकाला ५०० हर्ट्‌झचा सूर जवळजवळ नाहीसाच होतो. एक फोन हाताने वीतभर सरकवला तरी आवाजाचा रंग पालटतो.

एकत्रित आवाजाच्या ताकदीबद्दल नको ते दावेही खूप फिरतात. मार्च २०२० मध्ये सगळ्यांनी एका वेळी टाळ्या वाजवल्या की कंपनांनी कोरोनाचा विषाणू मरतो, असे निरोप गावोगावच्या ग्रुपांवर आले होते. सरकारच्याच पत्र सूचना कार्यालयाने ते खोटे असल्याचं जाहीर केलं. हजारो लोकांनी एकाच क्षणी एक सूर ऐकला तर ‘वैश्विक ऊर्जा’ जागी होते, हा त्याचाच भाऊ. एका वेळी ऐकण्याने माणसं आनंदी होतात, एवढं खरं आणि पुरेसं आहे. आजारी माणसाला दवाखान्यातच न्यायला हवं.

आता गाण्याकडे. लॉकडाऊनमध्ये अनेक भजनी मंडळांनी व्हिडिओ कॉलवर भजन करून पाहिलं आणि चार ओळींत खंजिरी आणि टाळ यांची फारकत झाली. विदर्भ हा खंजिरीचा मुलूख, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९-१९६८) मोझरीहून ती घराघरांत नेली. त्यामुळे हे अपयश पुष्कळांना लागलं. गाणं ऐकताना वेळ पुढची ठरवता येते, कारण गाणं आधीच तयार असतं. गाताना पुढची थाप अजून कुणी मारलेलीच नसते, मग आधी साठवून ठेवणार काय? माझी थाप तुमच्यापर्यंत २०० मिलिसेकंदांनी जाते, तुम्ही ती ऐकून टाळ वाजवता, तो माझ्याकडे आणखी २०० नी येतो. मी तुमच्यासाठी थांबतो, तुम्ही माझ्यासाठी, आणि लय मंदावत जाते.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रिस चेफ यांनी हे मोजलं. दोघांना वेगळ्या खोल्यांत बसवून, हेडफोनमधून एकमेकांच्या टाळ्या ऐकवत ठेका धरायला लावला. दिरंगाई साडेअकरा मिलिसेकंदांच्या आसपास असताना लय स्थिर राहिली. त्याहून वाढली तर ठेका मंदावला आणि, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं, त्याहून कमी केली तर तो पळायला लागला. माणसं मुळात किंचित घाई करतात, हवेतून आवाज यायला लागणारा वेळ ती घाई आवरतो. साडेअकरा मिलिसेकंद म्हणजे सुमारे चार मीटर, सभामंडपात समोरासमोर बसलेल्या दोन ओळींमधलं अंतर साधारण एवढंच असतं.

फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. यवतमाळ ते पुणे सरळ रेषेत पाचशे किलोमीटर, म्हणजे अडीच मिलिसेकंद. केबल वळणावळणाने दुप्पट लांब गेली तरी पाच. तेव्हा निसर्गनियमांची आडकाठी नाही, उरलेली सगळी दिरंगाई यंत्रांतली आहे आणि ती कमी करता येते. चेफ आणि त्यांचे सहकारी हुआन-पाब्लो कासेरेस यांनी ‘जॅकट्रिप’ हे मोफत सॉफ्टवेअर याचसाठी केलं. गावोगावी इंटरनेट नेणाऱ्या सरकारी ‘भारतनेट’ योजनेचं फायबर अनेक ग्रामपंचायतींपर्यंत आलेलं आहे. एखाद्या मंडळाने वाय-फाय आणि ब्लूटूथ बाजूला ठेवून, संगणकाला थेट तार जोडून आणि तारेचे हेडफोन लावून हा प्रयोग करावा, खंजिरी गावात आणि पेटी पुण्यात ठेवून. आधी जाण्यायेण्याचा वेळ मोजावा. तो तीस-चाळीस मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे एका वाटेला पंधरा-वीसच्या आत, साडेअकराच्या जवळपास बसला, तर भजनाला सुरुवात करायला हरकत नाही.