पायांच्या रक्तपुरवठ्याची व्यायाम-चाचणी

चालताना पोटरी भरून येते, मिनिटभर उभे राहिले की कळ थांबते आणि तेवढेच अंतर चालले की पुन्हा येते. अशा रुग्णाच्या पायाच्या धमन्या अरुंद झाल्या आहेत का, हे त्याला चालवून पाहण्याची ही चाचणी आहे. घोट्याच्या सिस्टॉलिक (वरच्या आकड्याच्या) रक्तदाबाला दंडाच्या सिस्टॉलिक रक्तदाबाने भागले की घोटा-दंड निर्देशांक, म्हणजेच एबीआय, मिळतो. १.०० ते १.४० सामान्य, ०.९० किंवा त्याखाली धमनीविकार.

पडल्यापडल्या घेतलेला हा आकडा पुष्कळदा फसवतो, विशेषतः अडथळा ओटीपोटातल्या इलियाक धमनीत असेल तेव्हा. विश्रांतीत पायाची गरज थोड्या रक्तावर भागते. चालू लागल्यावर स्नायूंतल्या बारीक वाहिन्या रुंदावतात, पण अरुंद जागेतून तेवढे रक्त येत नाही आणि तिच्यापुढचा दाब कोसळतो.

रुग्णाला ५ ते १० मिनिटे उताणे झोपवून दोन्ही दंड व दोन्ही घोट्यांचे दाब फुगवायचा पट्टा (कफ) बांधून डॉपलरने, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राने, घेतात. आतल्या घोट्यामागे किंवा पावलावर जेल लावून यंत्राची कांडी (प्रोब) तिरपी धरायची. फुगवलेल्या कफमधली हवा सोडताना पहिला ‘सूं’ आवाज येतो तो आकडा. मग ट्रेडमिल : ताशी ३.२ किमी, चढ १० ते १२ टक्के, ५ मिनिटे किंवा कळ असह्य होईपर्यंत. कळ कितव्या मिनिटाला, कुठे आली ते लिहून ठेवावे. कठड्यावर भार टाकू देऊ नये, कळ उशिरा येते.

सगळी कसोटी उतरल्यानंतरच्या पहिल्या मिनिटाची. खाट शेजारीच हवी, घोट्यावर प्रोबच्या जागेची खूण आधी करून ठेवलेली हवी आणि दुखऱ्या पायापासून सुरुवात हवी. कफ शोधण्यात वेळ गेला तर सौम्य विकारात दाब तोवर सावरतो व अहवाल खोटाच ‘नॉर्मल’ येतो. निर्देशांक २० टक्क्यांहून जास्त किंवा घोट्याचा दाब ३० मिमीहून (पाऱ्याच्या) जास्त घसरला तर चाचणी सकारात्मक, म्हणजे धमनीविकार दाखवणारी. उदाहरणार्थ, आधी घोटा १४२, दंड १४० (१.०१), चालल्यावर ८० व १६० (०.५०). पूर्वपदावर येईपर्यंत दर एक-दोन मिनिटांनी मोजत राहावे. कळ आली पण दाब टिकला, तर मणक्यातली नस दबली आहे का पाहावे. ती कळ बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर थांबते.

छातीत दुखणे वाढत असेल, नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल, पायाला जखम असेल किंवा झोपेतही पाय ठणकत असेल तर चालवू नये. ट्रेडमिल नसल्यास भिंतीचा आधार देऊन ३० ते ५० वेळा टाचा उचलायला लावतात. जुन्या मधुमेहात धमन्या चुन्याने कडक होऊन कफने दबतच नाहीत, निर्देशांक १.४० च्या वर जातो. तिथे पायाच्या अंगठ्याचा दाब घ्यावा.