जातिपृष्ठे आणि त्यांचे स्वयंसेवी क्युरेटर

जातिपृष्ठ म्हणजे ऑनलाइन जैवविविधता कोशात एका सजीव जातीसाठी राखलेले पान. त्यावर जातीचे शास्त्रीय नाव, वर्गीकरणातले स्थान, छायाचित्रे, आढळ, सवयी आणि निरनिराळ्या भाषांतली नावे असतात. ही पाने तपासून, निवडून, निस्तरून वापरण्याजोगी करणाऱ्या जाणकार स्वयंसेवकांना क्युरेटर म्हणतात. संग्रहालयातल्या क्युरेटरला मराठीत ‘अभिरक्षक’ हा शब्द आहे. पण इथे राखण्यापेक्षा पाखडण्याचे काम जास्त, त्यामुळे या नोंदीत ‘क्युरेटर’च ठेवला आहे. ‘जाती’बद्दलही एक खुलासा: वर्तमानपत्री मराठीत ‘प्रजाती’ म्हणतात तेच शास्त्रीय परिभाषेत ‘जाती’, आणि परिभाषेतली ‘प्रजाती’ म्हणजे त्यावरची पायरी, जिला ‘वंश’ असेही म्हणतात. मराठीत जातिपृष्ठ लिहायला बसणाऱ्याची पहिली अडखळ बहुधा इथेच होते.

या प्रकारातला सर्वांत मोठा प्रकल्प एन्सायक्लोपीडिया ऑफ लाइफ हा होय. मुंग्यांचे अभ्यासक एडवर्ड ओ. विल्सन (१९२९–२०२१) यांनी ही कल्पना २००३ मध्ये एका लेखात मांडली आणि २००७ मध्ये टेड या व्याख्यानांच्या परिषदेच्या व्यासपीठावरून ती जगापुढे ठेवली: नाव मिळालेल्या प्रत्येक जातीला एक पान, आणि ते सर्वांना खुले. त्या वेळी अशा जाती सुमारे १८ लाख धरल्या जात. मॅकआर्थर प्रतिष्ठानाने १ कोटी डॉलर आणि स्लोन प्रतिष्ठानाने २५ लाख डॉलर दिले. स्मिथसोनियन, हार्वर्ड, शिकागोचे फील्ड म्युझियम, मिसुरी बोटॅनिकल गार्डन अशा संस्था एकत्र आल्या. २६ फेब्रुवारी २००८ रोजी सुमारे ३०,००० पानांनिशी कोश खुला झाला आणि पाहणाऱ्यांच्या गर्दीने त्याच दिवशी बंद पडला.

सुरुवातीची पुष्कळशी पाने फिशबेस (मासे), अँफिबियावेब (उभयचर) यांसारख्या तयार माहितीसाठ्यांतून आली होती. कोशाची रचनाच तशी आहे. मजकूर इथे फारसा लिहिला जात नाही. तो भागीदारांकडून यंत्राने गोळा होतो आणि शास्त्रीय नावाच्या आधारे त्या त्या पानावर जाऊन बसतो. फ्लिकर या फोटो ठेवण्याच्या संकेतस्थळावर कुणी शेकरूचा फोटो ‘रॅटुफा इंडिका’ अशा खुणेसह कोशाच्या गटात टाकला की तो शेकरूच्या पानावर उमटतो. पुढे विकिपीडियाचे लेख आले, विकिमीडिया कॉमन्सची चित्रे आली, आयनॅचरलिस्ट या निसर्गनिरीक्षणांच्या संकेतस्थळावरच्या नोंदी आल्या. हे सगळे क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे इतरांना ठरावीक अटींवर वापरू देणाऱ्या खुल्या परवान्याखाली. ‘बदल करू नका’ अशी अट असलेला परवाना मात्र चालत नाही.

यंत्राला नाव वाचता येते, प्राणी ओळखता येत नाही. क्युरेटरचे काम तिथून सुरू होते.

मोरस हे तुतीच्या वंशाचे नाव आहे आणि गॅनेट या समुद्रपक्ष्यांच्या वंशाचेही. फायकस म्हणजे वड, पिंपळ, उंबर. आणि फायकस नावाच्या समुद्री गोगलगायीही आहेत. वनस्पती आणि प्राणी यांच्या नामकरणाच्या नियमसंहिता वेगळ्या असल्यामुळे यात बेकायदा काही नाही. पण नुसत्या नावावर चालणारे यंत्र तुतीच्या पानावर समुद्रपक्षी नेऊन बसवू शकते, आणि तो हलवायला माणूस लागतो.

नावे बदलतात तेव्हा घोळ अधिक खोल होतो. बाभळीचेच पाहा. अकेशिया हा वंश फारच पसरट असल्याचे दिसून आल्यावर तो फोडायचे ठरले, आणि मूळ नाव कुणाकडे राहावे यावर वनस्पतिशास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. २००५ च्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत ते ऑस्ट्रेलियातल्या जातींना देण्यात आले. २०११ मध्ये मेलबर्न येथे तोच निर्णय कायम झाला. आपली बाभूळ त्यामुळे अकेशिया निलोटिकाची व्हॅकेलिया निलोटिका झाली आणि खैर सेनेगालिया कॅटेचू. रस्त्याकडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र अकेशियाच राहिली! कोशात याचा परिणाम असा होतो की एकाच झाडाची दोन पाने तयार होतात: जुन्या नावावर जुने फोटो आणि आयुर्वेदाचे उल्लेख, नव्या नावावर नवा आढळ. दोन्ही नावे एकाच झाडाची आहेत हे ओळखून कळवणे, पाने जोडून घेणे आणि जुने नाव पर्यायी म्हणून नोंदवून घेणे हे कंटाळवाणे काम आहे. वाचकाला ते कधी दिसत नाही. माझ्या मते क्युरेटरची खरी कमाई तीच.

नावामागच्या कंसाचेही असेच. शेकरूच्या नावापुढे ते नाव देणारा एर्क्सलेबेन आणि १७७७ हे साल कंसात लिहितात, कारण त्याने नाव दिले तेव्हा शेकरू दुसऱ्या वंशात, सायुरसमध्ये होते. कंस गळला तर त्याने ते आजच्याच वंशात वर्णिले असा अर्थ होतो. अशी शंका आली की क्युरेटर बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या ऑनलाइन ग्रंथसंग्रहात जुन्या ग्रंथाचे पान उघडून पाहतो.

फोटो तपासण्यात चूक झाली तर ती नुसती शास्त्रीय चूक राहत नाही. मण्यार आणि कवड्या ही त्यातली कुप्रसिद्ध जोडी. मण्यार अत्यंत विषारी, कवड्या बिनविषारी. दोघे रात्री हिंडतात, दोघांच्या गडद अंगावर फिके पट्टे असतात. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे विरळ होत जातात. मण्यारीचे पट्टे सहसा डोक्यापासून काही अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीपर्यंत जातात. तिच्या पाठीच्या मध्यरेषेवरचे खवले मोठे आणि षटकोनी असतात. फोटोत पाठ दिसत नसेल, तर अनुभवी क्युरेटर ‘ठरवता येत नाही’ म्हणून तो बाजूला ठेवतो. उत्साही नवखा मात्र शिक्का मारून मोकळा होतो.

एन्सायक्लोपीडिया ऑफ लाइफमध्ये शिक्क्याची पद्धत सोपी होती. आलेली प्रत्येक गोष्ट विश्वासार्ह, न तपासलेली किंवा अविश्वसनीय यांपैकी एका खान्यात जाई. सुरुवातीच्या आवृत्त्यांत न तपासलेल्याला पिवळी छटा असे आणि अविश्वसनीयाला लाल. क्युरेटरच्या तीन पायऱ्या होत्या. सहायक क्युरेटर होण्याला फारशी आडकाठी नव्हती. पूर्ण क्युरेटरला विषयातली आपली पात्रता दाखवावी लागे. मास्टर क्युरेटरकडे त्याहून अधिक अधिकार. पानाच्या माथ्यावर कोणता फोटो राहील हेही क्युरेटर निवडत. देखणा फोटो आणि ओळख पटवणारा फोटो हे क्वचितच एक असतात, त्यामुळे या निवडीवरून मतभेद ठरलेलेच.

आयनॅचरलिस्टची तऱ्हा निराळी. तिथे ओळख मतांनी ठरते: किमान दोन जणांनी ओळख सांगितली आणि दोन-तृतीयांशांहून अधिक मते एका जातीवर जमली की नोंद ‘संशोधन दर्जा’ची होते. काम झपाट्याने होते, पण ज्या गटाचे जाणकार मूठभर आहेत तिथे चार जण मिळून एकच चूकही करू शकतात.

भारतात २००८ मध्ये सुरू झालेल्या इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर निरीक्षणे आणि जातिपृष्ठे दोन्ही आहेत. फुलपाखरांसाठी बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातले संशोधक कृष्णमेघ कुंटे यांच्या पुढाकाराने ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ उभे राहिले. पतंग, चतुर, सिकाडा यांचे तसेच कोश त्याच घरातले. भारतात फुलपाखरांच्या १,३०० हून अधिक जाती आहेत. हौशी छायाचित्रकार तारीख आणि ठिकाणासह फोटो पाठवतात, जाणकार ओळख तपासतात, मगच तो फोटो पानावर चढतो. अंडे, अळी, कोष आणि अळीची खाद्यवनस्पती यांच्या नोंदींतला मोठा वाटा अशाच हौशी मंडळींचा. परसातल्या लिंबावरची अळी रोज पाहण्याइतका वेळ त्यांच्याकडेच असतो.

स्थानिक नावांचा रकाना सर्वांत सोपा वाटतो आणि सर्वांत जास्त फसवतो. ‘कुडा’ एवढेच लिहून भागत नाही: पांढरा कुडा म्हणजे होलॅऱ्हेना, काळा कुडा म्हणजे राइटिया. पहिल्याची साल आमांशावरचे जुने औषध, त्यामुळे घोटाळा महागात पडू शकतो. फुलपाखरांचे उलटे आहे. मराठीत बहुतेकांना वेगळी नावेच नव्हती, ती अलीकडे ठरवून दिली गेली. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू केले, त्याला ‘नीलवंत’ म्हणतात आणि ‘राणी पाकोळी’ही. दोन्ही नावे ठेवावीत; कोणते लोकांच्या तोंडी होते आणि कोणते समितीने घडवले, हे शेजारी लिहिले तर उत्तम.

एन्सायक्लोपीडिया ऑफ लाइफचा भर पुढे बदलला. २०१४ मध्ये ट्रेटबँक हा गुणधर्मांचा साठा जोडला गेला: वजन, आहार, अधिवास, कोण कुणाला खाते अशा यंत्राला वाचता येणाऱ्या नोंदी. २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीत पाने याच साठ्याभोवती नव्याने बांधली गेली. मजकुरापेक्षा आकड्यांना महत्त्व आले आणि तपासण्याच्या गोष्टीही बदलल्या. एकक चुकून ग्रॅमचे किलोग्रॅम झाले तर चिचुंद्री मांजरापेक्षा जड होते, आणि असे आकडे हुडकून काढायला अजून माणूसच बसलेला असतो.