घरचा ०.२५ चा रोलर आणि क्लिनिकमधलं १.५ चं नीडलिंग, यांची गल्लत करू नका

ऑनलाइन डर्मारोलर, म्हणजे चेहऱ्यावर फिरवायचा बारीक सुयांचा रोलर, शोधायला गेलं की त्याच हँडलवर ०.२५ मिमीपासून २ मिमीपर्यंत सुयांच्या लांबीचे सगळे साइज दिसतात आणि किंमतही जवळपास तीच असते, मग साहजिकच वाटतं की पैसे तेवढेच जाणारेत तर मोठा घेऊ, लवकर फरक पडेल. सगळा घोळ इथेच होतो. ०.२५ आणि १.५ या दोन साइजची कामं पूर्ण वेगळी आहेत, पहिलं घरी चालतं, दुसरं, म्हणजे सुयांनी खोल छिद्रं पाडायचं नीडलिंग, घरी अजिबात करायचं नाही, आणि पॅकेटवर हे कुठे धड लिहिलेलं नसतं.

आधी त्वचेचं बघू. चेहऱ्यावर सगळ्यात वर मेलेल्या पेशींचा थर असतो, तो जेमतेम ०.०१ ते ०.०२ मिमी. त्याच्याखालचा जिवंत थर धरला तरी सगळं मिळून साधारण ०.१ मिमी होतं, आणि त्याच्याही खाली डर्मिस, जिथे रक्तवाहिन्या, नसा आणि कोलॅजेन (त्वचेला भरीव ठेवणारं प्रथिन) असतं. ०.२५ ची सुई दाबल्यावर त्वचा थोडी आत दबते त्यामुळे ती पूर्ण लांबीने घुसतच नाही, वरवर बारीक छिद्रं पडतात, काही तास सीरम जरा जास्त आत जातं आणि ती बुजतात. बस, एवढंच. पिंपलचे खड्डे याने भरत नाहीत, कोणी कितीही बिफोर-आफ्टर दाखवू दे. १.५ ची सुई मात्र डर्मिसपर्यंत जाते, रक्ताचे बारीक ठिपके येतात, शरीर त्याला जखम समजतं आणि ती भरताना नवीन कोलॅजेन बनवतं. खड्डे कमी होतात ते यामुळे, तेही ४ ते ६ आठवड्यांच्या अंतराने बरीच सेशन झाल्यावर, आणि खरा फरक दिसायला काही महिने जातात. त्यातही रुंद, उथळ खड्डे चांगले सुधारतात, टाचणी टोचल्यासारखे खोल अरुंद असतात ते नुसत्या नीडलिंगने फारसे हलत नाहीत, त्यांना डॉक्टर वेगळी ट्रीटमेंट देतात.

क्लिनिकमध्ये आता बहुतेक ठिकाणी रोलरऐवजी पेन, म्हणजे टोकाला सुया असलेलं पेनसारखं यंत्र वापरतात. रोलरची सुई तिरकी घुसते आणि तिरकीच बाहेर येते, पेनची सुई सरळ खाली-वर होते, खोली डायल फिरवून बदलता येते, म्हणजे गालावर जास्त, कपाळावर आणि डोळ्यांजवळ कमी. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) २०१८ मध्ये पहिल्यांदा अशा एका पेनला चेहऱ्यावरच्या पिंपलच्या खड्ड्यांसाठी परवानगी दिली, तीही २२ वर्षं आणि वरच्यांसाठी. पण पेन म्हटलं की सेफ असंही नाही हं, तोच पेन हल्ली कोणीही ऑनलाइन मागवतो आणि आरशासमोर डायल २ वर नेऊन बसतो, तो रोलरपेक्षा जास्त धोक्याचा.

आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेची गोष्ट वेगळी सांगायलाच हवी. आपल्याकडे त्वचेला जरा इजा झाली की तिथे काळा डाग राहतो, साधा पिंपल फोडला तरी महिनोन्महिने राहतो ना, तसंच. जोर लावून, त्याच जागेवर वीस वेळा रोलर फिरवला आणि दुसऱ्या दिवशी उन्हात गेलात तर खड्डे जाऊ देत, वर डागांची भर. वांग असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुईला हातच लावू नका. ताजे पिंपल, ओठावरची नागीण, चामखीळ, एक्झिमा, सोरायसिस असताना रोलर नाही म्हणजे नाही, इन्फेक्शन असेल तर ते पूर्ण चेहऱ्यावर पसरतं, बाकीचे आजार चिघळतात. जखमेचा वण फुगून जाड होणाऱ्यांनी (किलॉइड) आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी हा विषयच आधी डॉक्टरांशी बोलावा.

सीरमचंही तसंच. लोक म्हणतात छिद्रं उघडी आहेत तर स्ट्राँग काहीतरी लावू. २०१४ मध्ये जामा डर्मॅटॉलॉजी या जर्नलमध्ये तीन बायकांच्या केसेस आल्या होत्या, नीडलिंगसोबत बाजारातलं व्हिटॅमिन सी सीरम वगैरे लावलं होतं, त्यांच्या चेहऱ्यावर ॲलर्जीच्या गाठी आल्या. वरून लावायचं प्रॉडक्ट आणि आत घालायचं औषध यात फरक असतो. रोलरनंतर साधं हायलुरॉनिक ॲसिड किंवा सुगंध नसलेलं मॉइश्चरायझर पुरे, रेटिनॉल, ग्लायकॉलिकसारखी त्वचा सोलणारी ॲसिड, सुगंधी क्रीम दोन दिवस बाजूला, आणि दिवसा सनस्क्रीन.

घरी वापरायचाच असेल तर ०.२ किंवा ०.२५, त्याच्या वर नाही. आठवड्यातून एकदा, धुतलेल्या कोरड्या चेहऱ्यावर, हलक्या हाताने, एका दिशेला चार-पाच वेळा, मग उचलून दुसरी दिशा, टेकवलेला असताना वळवायचा नाही, नाहीतर ओरखडे पडतात. रक्त आलं तर काहीतरी चुकतंय, थांबा. आधी आणि नंतर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवायचा, उकळायचा नाही, प्लॅस्टिक वाकतं. दर वेळी कापसाच्या पॅडवरून हळूच फिरवून बघा, एखादा धागा ओढला गेला तर त्या सुईचं टोक वाकून आकडा झालाय, ते चेहऱ्यावर फिरलं की टोचत नाही, फाडतं. असा रोलर सरळ फेकून द्या. आणि बहीण असो की मैत्रीण, कोणाला वापरायला द्यायचा नाही, अल्कोहोलने तो स्वच्छ होतो, निर्जंतुक होत नाही.

हे मी उगाच घाबरवायला सांगत नाहीये. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या एका विनापरवाना स्पामध्ये गिऱ्हाइकाचंच रक्त काढून ते लावून नीडलिंग करायचे, ते व्हॅम्पायर फेशियल, तिथून बायकांना एचआयव्ही झाला, तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, सीडीसीने, २०२४ मध्ये तो रिपोर्ट छापला. म्हणून पार्लरमध्ये कोणी "मायक्रोनीडलिंग फेशियल" ऑफरमध्ये देत असेल तर दोनच गोष्टी बघा, करणारा त्वचारोगतज्ज्ञ आहे का, आणि सुयांचं सीलबंद पाकीट तुमच्या डोळ्यांसमोर फोडतायत का. टेबलावर सुयांचं उघडं कार्ट्रिज पडलेलं दिसलं तर उठून या.

केसांसाठी विचारणारे पण खूप असतात. तिथला गाजलेला अभ्यास आपल्या मुंबईचाच, सायन हॉस्पिटलच्या डॉ. रचिता धुरत आणि सहकाऱ्यांचा, २०१३ चा, १०० पुरुषांवर. अर्ध्यांना नुसतं ५ टक्के मिनॉक्सिडिल (केस वाढायला डोक्याला लावायचं औषध), अर्ध्यांना त्यासोबत आठवड्यातून एकदा १.५ चा रोलर, आणि १२ आठवड्यांनी मोजणीसाठी ठरवलेल्या छोट्या भागात रोलरवाल्यांचे केस सरासरी ९१ ने वाढले, दुसऱ्यांचे २२ ने. हे वाचून लोक घरी १.५ चा मागवतात, पण नीडलिंग डॉक्टरांच्या देखरेखीत झालं होतं आणि मिनॉक्सिडिल त्याच दिवशी लावायचं नव्हतं, २४ तासांनी लावायचं होतं, हा भाग कोणी पुढे सांगत नाही. ताज्या छिद्रांवर मिनॉक्सिडिल लावलं की ते रक्तात जास्त जातं, ज्यांचं बीपी आधीच लो असतं त्यांना चक्कर येऊ शकते, छातीत धडधडू शकतं.