बेहचेट रोगातील घशाचे व पचनमार्गाचे व्रण : उपचार

बेहचेट रोग हा रक्तवाहिन्यांचा दाह करणारा, पुन्हापुन्हा उसळणारा दुर्मीळ विकार असून तुर्की त्वचारोगतज्ज्ञ हुलुसी बेहचेट यांनी १९३७ मध्ये त्याचे वर्णन केले. तोंड व जननेंद्रियांवरील व्रण आणि डोळ्यांचा दाह ही त्याची मुख्य लक्षणे होत. काही रुग्णांत घशात व आतड्यातही व्रण पडतात. आतड्यातले बहुधा लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते त्या जागी, खोल आणि रेखीव कडांचे असतात.

तोंड आले की नाशिककर ‘उष्णता झाली’ म्हणून चार दिवस मिसळीची तर्री सोडतो आणि बी-कॉम्प्लेक्स घेतो. या रोगातले व्रणही बरेचदा आपोआप भरत असल्याने गोळीलाच गुण आला असे वाटते व निदान लांबते. निदान मुख्यतः लक्षणांवरूनच होते, त्यासाठी एखादी निर्णायक रक्तचाचणी नाही.

आपल्याकडे खरी मेख आहे ती क्षयाची. आतड्याचा क्षय नेमकी लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्याची हीच जागा धरतो आणि क्षयावर या रोगासाठी दिले जाणारे, प्रतिकारशक्ती दाबणारे स्टेरॉइड पडले तर तो फोफावतो. म्हणून कोलोनोस्कोपीत (गुदमार्गे दुर्बीण घालून केलेल्या आतड्याच्या तपासणीत) काढलेल्या तुकड्याची क्षयासाठी तपासणी झाल्याशिवाय उपचारांची घाई करू नये. द्राक्षबागेच्या छाटणीनंतर अंगदुखीवर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांचीही चौकशी करावी, कारण त्यांनीही आतड्याला व्रण पडतात.

तोंडातील व्रणांवर ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचा लेप जेवणानंतर व झोपताना, जागा कापसाने टिपून, न चोळता लावतात. घशात तो पोहोचत नाही, त्यामुळे तेथे पोटातून घ्यायच्या औषधांवर भिस्त असते. सुरुवात बहुधा कोल्चिसिन या दाह कमी करणाऱ्या गोळीने होते. त्याने जुलाब होऊ शकतात आणि ते रोगाचेच लक्षण समजले जाण्याचा धोका असतो. अप्रेमिलास्ट या दाह कमी करणाऱ्या दुसऱ्या गोळीला तोंडातील व्रणांसाठी अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. घशातील खोल व्रण भरताना वण आकसून गिळण्याची वाट अरुंद होऊ शकते, म्हणून त्यांच्याकडे काणाडोळा परवडत नाही.

आतड्यातील सौम्य व्रणांना मेसालाझिन हे आतड्याचा दाह कमी करणारे औषध देतात. तीव्र उसळीत स्टेरॉइड देऊन पुढे ॲझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाच्या आधाराने स्टेरॉइडची मात्रा उतरवतात. या काळात रक्तपेशींची मोजणी नियमित करावी लागते. त्यानेही भागले नाही तर इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडालिमुमॅब ही दाह घडवणारे प्रथिन (टीएनएफ) रोखणारी इंजेक्शने वापरतात, मात्र ही औषधे शरीरात दडून राहिलेला क्षय जागा करू शकत असल्याने त्याची तपासणी आधी होते.

व्रण आरपार जाऊन आतडे फुटल्यास पोट फळीसारखे कडक होते. अशा वेळी मुंबईची वाट न धरता नाशिकमध्येच तातडीने शस्त्रक्रिया करून घ्यावी. शस्त्रक्रियेनंतर आतडे जोडलेल्या ठिकाणी व्रण पुन्हा उद्भवण्याची शक्यता असते, त्यामुळे औषधे सहसा चालूच ठेवतात.