बॉनेटखालचा तो काळा डबा काढू नका

नवी गाडी घेतली की थोड्याच दिवसात कोणीतरी सल्ला देतंच, अरे तो कंपनीचा एअर फिल्टरचा काळा प्लास्टिकचा डबा काढून टाक आणि कोनवाला ओपन फिल्टर बसव, इंजिनला मोकळी हवा मिळते, मग पिकअप बघ. ज्यांनी बसवलाय ते पण छातीठोक सांगतात की फरक पडला. आणि दुसरीकडे हेच लोक म्हणतात की जानेवारीत पहाटे निफाडच्या बाजूला गाडी काय मस्त ओढते, मे महिन्यात दुपारी नाशिकच्या द्वारका सिग्नलवरून निघताना मेल्यासारखी वाटते. यातलं दुसरं निरीक्षण अगदी बरोबर आहे, आणि तेच नीट समजून घेतलं तर पहिला सल्ला का चुकीचा ते आपोआप कळतं.

इंजिन हवा लिटरमध्ये घेतं पण पेट्रोल जळायला हवा लागते वजनाने, 1 किलो पेट्रोलला साधारण 14.7 किलो. 1.2 लिटरचं इंजिन 6000 आरपीएमला फिरतंय असं धरा, फोर स्ट्रोक असल्यामुळे दोन फेऱ्यांत एकदाच भरतं, म्हणजे मिनिटाला 3600 लिटर, सेकंदाला 60 लिटर हवा! आता तीच हवा गरम असेल तर पसरलेली असते, लिटर तेवढेच पण ग्रॅम कमी. हिशोब केल्विनमध्ये करायचा, म्हणजे अंशांत 273 मिळवून, 25 अंशाची हवा म्हणजे 298 आणि 55 अंशाची म्हणजे 328, घनता सरळ 9 टक्क्यांनी कमी. पण ताकद 9 टक्के पडत नाही, साध्या बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनची साधारण 5 टक्के पडते, कारण थंड हवा आत जाताना गरम मॅनिफोल्ड (सिलिंडरपर्यंत हवा नेणारे पाईप) आणि व्हॉल्व्हवरून जास्त तापते आणि आधीच तापलेली हवा कमी तापते, म्हणून डायनोवर, म्हणजे इंजिनची ताकद मोजायच्या यंत्रावर, मोजणारे लोक तापमानाचं वर्गमूळ घेऊन आकडा दुरुस्त करतात. शिवाय गरम हवेने नॉकिंगचा, म्हणजे पेट्रोल आपोआप पेटून ठोके बसण्याचा धोका वाढतो, मग ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्पार्कचं टायमिंग मागे घेतो आणि अजून थोडी ताकद जाते. आपण नाशिककर तर मुळातच समुद्रसपाटीपासून 600 मीटरच्या आसपास राहतो, इथे हवेचा दाबच मुंबईपेक्षा 6-7 टक्के कमी, त्यामुळे उरलेली हवा तरी थंड मिळणं जास्त महत्त्वाचं.

डब्याची नळी कुठे तोंड काढते ते एकदा बॉनेट उघडून बघा. बहुतेक गाड्यांत ती रेडिएटरच्या वर किंवा हेडलाईटच्या मागे ग्रिलकडे तोंड करून असते, म्हणजे बाहेरची ताजी हवा. ओपन कोन मात्र इंजिनशेजारी उघडाच बसतो आणि बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. ट्रॅफिकमध्ये ही हवा बाहेरच्यापेक्षा 15-20 अंशांनी सहज जास्त असते, गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारा साधा ओबीडी स्कॅनर लावला तर इनटेक टेम्परेचरचा, म्हणजे आत जाणाऱ्या हवेच्या तापमानाचा आकडा चढताना डोळ्यांनी दिसतो.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, थोडा अवघड आहे पण सोडू नका. इनटेक पाईपमध्ये हवा नुसती वाहत नाही, तिच्यात लाटा धावत असतात. व्हॉल्व्ह उघडला, पिस्टन खाली गेला की व्हॉल्व्हपाशी कमी दाबाची लाट तयार होते आणि आवाजाच्या वेगाने पाईपमधून उलटी बाहेरच्या दिशेने पळते. पाईप जिथे मोठ्या जागेत उघडतो तिथे ती परावर्तित होते आणि परततांना तिचं चिन्ह बदलतं, गेली कमी दाबाची आणि आली जास्त दाबाची! ही जास्त दाबाची लाट व्हॉल्व्ह बंद व्हायच्या जरा आधी पोचली तर पिस्टन वर यायला लागला असतानाही हवा आत ढकलली जाते, टर्बो नसताना फुकटची भर. पाईप 40 सेंटीमीटरचा असेल तर जाऊन-येऊन 80, आवाजाचा वेग 20 अंशाला सेकंदाला 343 मीटर, म्हणजे साधारण 2.3 मिलिसेकंद, आणि 4000 आरपीएमला तेवढ्या वेळात क्रँक 56 अंश फिरतो. व्हॉल्व्ह 230 अंशांच्या आसपास उघडा असतो, त्यामुळे लाट एकापेक्षा जास्त फेऱ्या मारते आणि नेमकी कोणती फेरी कोणत्या आरपीएमला कामी आणायची हे पाईपच्या लांबीवरून ठरवतात.

डबा याच्याही पुढे जातो. डबा आणि त्याची नळी मिळून हेल्महोल्ट्झ रेझोनेटर बनतो, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर जो घुमतो तोच प्रकार, नळीतली हवा वजन आणि डब्यातली हवा स्प्रिंग. 8 लिटरचा डबा, 6 सेंटीमीटर व्यासाची 40 सेंटीमीटर नळी घेतली तर सेकंदाला 50 च्या आसपास कंपनं येतात, आणि तीन सिलिंडरचं इंजिन 2000 आरपीएमला सेकंदाला बरोबर 50 वेळा हवा ओढतं. म्हणजे डब्याचं आकारमान, नळीची लांबी, तोंडाचा गोलावा हे सगळं बसवलेलं गणित आहे. गरम हवेत आवाजाचा वेगही वाढतो, 60 अंशाला 366 मीटर, म्हणजे 4000 ला जुळवलेलं ट्यूनिंग 4260 ला सरकतं. तापमान असं दोन्हीकडून खेळतं, मला हे फार भारी वाटतं.

नळीला चिकटलेला बंद रिकामा डबा पण गॅरेजमध्ये "काही कामाचा नाही" म्हणून काढतात, तो ठराविक आवाज मारण्यासाठी असतो. तो आणि मुख्य डबा काढला की इनटेकचा घरघराट केबिनमध्ये येतो आणि कान सांगतात पिकअप वाढला. ज्याला आवाजच आवडतो त्याने जरूर बसवावा, पण ताकद म्हणून विकू नये.

आणि बाजारात यापेक्षा वाईट गोष्टी विकतात. पेट्रोलच्या पाईपला लावायचं चुंबक, त्याने पेट्रोलच्या रेणूंना काहीही होत नाही. इनटेकमध्ये बसवायचा छोटा पंखा, तो वाटेतला अडथळा आहे बस. बॉनेटवरचा स्कूप, म्हणजे समोरून हवा घेणारं तोंड, 100 च्या स्पीडला समोरच्या वाऱ्याचा दाब वातावरणाच्या अर्धा टक्काही भरत नाही. लोकांच्या कष्टाच्या पैशावर हा धंदा चालतो याचा मला मनापासून राग येतो.

एक मात्र सांगायला हवं, थंड हवेने फुल थ्रॉटलला (हवेची झडप पूर्ण उघडी असताना) ताकद वाढते, अॅव्हरेज नाही. हळू चालवताना गरम हवेत थ्रॉटल जरा जास्त उघडावा लागतो, त्यामुळे हवा ओढण्यात वाया जाणारी मेहनत उलट कमी होते. इंजेक्शनवाल्या गाडीत मळका फिल्टर पण मुख्यतः चढावरच जाणवतो, तरी वेळेवर बदला, आपल्याकडे धूळ कमी नाही.

ज्यांना थंड हवा हवीच आहे ते कधी कधी नळी लांबवून बंपरमध्ये खाली नेतात. हवा खरंच थंड मिळते, पण पावसाळ्यात गोदावरीला पूर येतो तेव्हा सराफ बाजाराच्या बाजूला रस्त्यावर पाणी चढतं, आणि खाली तोंड असलेली नळी ते ओढून घेते. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनीने ते तोंड हेडलाईटच्या उंचीवर ठेवलंय ते यासाठी पण.