१९५० च्या आधीचा रंगीत फोटो म्हणजे नंतर रंग भरलेलाच?

एक मेसेज कित्येक वर्षं फिरतोय, की १९५० च्या आधीचा कुठलाही रंगीत फोटो दिसला की समजायचं कॉम्प्युटरवर रंग भरलाय.

असं वाटणं साहजिक आहे, कारण तेव्हाचे बहुतेक फोटो ब्लॅक अँड व्हाईटच होते आणि हल्ली रंग भरलेले जुने फोटो ढिगाने दिसतात. पण ऑटोक्रोम नावाची रंगीत काचेची प्लेट १९०७ लाच बाजारात आली होती, त्यात चक्क बटाट्याच्या स्टार्चचे बारीक कण नारिंगी, हिरवे आणि जांभळट निळे रंगवून काचेवर पसरलेले असायचे (हे पहिल्यांदा वाचलं की थापच वाटते). मग १९३५ ला कोडाक्रोम फिल्म आली, आधी सिनेमासाठी आणि वर्षभरात साध्या कॅमेऱ्यासाठीही. मग रंगीत फोटो इतके कमी का? ऑटोक्रोमला भर उन्हातही एक्सपोजर (प्लेटवर उजेड पडू देण्याचा वेळ) सेकंदांत मोजावं लागायचं, आणि हातात काचेची पारदर्शक प्लेटच यायची, कागदावर सहज प्रिंट काढता यायची नाही.

तपासायचं कसं, तर मोठ्या साईजची स्कॅन कॉपी शोधा आणि झूम करा. ऑटोक्रोम असेल तर रंगीत ठिपके दिसतील. लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरमधून तीन वेगळे शॉट घेऊन केलेला असेल तर हललेल्या पाण्याला किंवा माणसाला रंगीत कडा दिसतात. आणि तोच फोटो एखाद्या संग्रहात साधं, एकच ब्लॅक अँड व्हाईट निगेटिव्ह म्हणून नोंदलेला सापडला (फिल्टरमधून घेतलेल्या तीन शॉटचा संच नव्हे, कारण तीही ब्लॅक अँड व्हाईटच असतात), तर मात्र रंग नंतरचाच. नुसतं वर्ष बघून काही ठरवता येत नाही.