वेळच तशी होती

कण्हत पडलेल्या माणसाकडे दुर्लक्ष करून कोणी पुढे गेला, की आपण निकाल देऊन मोकळे होतो: दगड आहे नुसता! जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग वाचल्यावर हा निकाल इतका सहज देववत नाही.

अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमध्ये धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना शेजारच्या इमारतीत छोटं भाषण द्यायला पाठवलं गेलं. काहींचा विषय होता बायबलमधल्या चांगल्या शोमरोन्याची, म्हणजे जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या परक्याची गोष्ट. वाटेत एक जण वाकून खोकत, कण्हत बसलेला. अर्थात संशोधकांनीच बसवलेला. हाताशी वेळ असलेल्यांपैकी ६३ टक्के विद्यार्थी मदतीला धावले. 'उशीर झालाय, निघा' असं ऐकून निघालेल्यांपैकी १० टक्के. कोणाची श्रद्धा कशी आहे, यावरून कोण थांबेल हे सांगता येत नव्हतं. काही जण तर त्या माणसाला चक्क ओलांडून गेले.

चाळीस जणांवरून फार मोठा सिद्धांत मांडू नये, हे खरं. पण बिब लाताने आणि डार्ली यांच्या १९६८च्या प्रयोगात दयेचा संबंधच नव्हता. प्रश्नावली भरणाऱ्यांच्या खोलीत धूर सोडला होता. एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी बाहेर जाऊन तो कळवला. सोबत दोन निर्विकार 'सहभागी' (संशोधकांचेच साथीदार) असताना फक्त १० टक्के लोकांनी. बाकीचे डोळे चोळत, खोकत लिहीत राहिले. नंतर विचारलं तेव्हा त्यांनी आग नसेल, वाफ असेल, अशी कारणं दिली. मला यातलं हेच सर्वांत रोचक वाटतं: प्रसंगानं त्यांची कृतीच नव्हे, समजूतही बदलली होती.

बघणाऱ्याला मात्र प्रसंग दिसत नाही, माणूस दिसतो. १९६७ साली जोन्स आणि हॅरिस यांनी लोकांना क्यूबाचे नेते फिडेल कॅस्ट्रो यांच्या बाजूचे निबंध वाचायला दिले. बाजू लेखकावर लादलेली होती, हे सांगूनही वाचकांनी त्याला कॅस्ट्रोसमर्थक ठरवलं.

प्रसंग उलट बाजूलाही ढकलतो. सॉलोमन ॲश यांच्या १९५०च्या दशकातल्या प्रयोगांत रेषांची लांबी ओळखताना अनेक जण गटाच्या (म्हणजे संशोधकांच्या साथीदारांच्या) मुद्दाम दिलेल्या चुकीच्या उत्तराला मान डोलवत. गटातला एकजण जरी वेगळं बोलला, तरी हे प्रमाण खूप घसरे. त्याचं उत्तरही चुकीचं असलं, तरीसुद्धा.